गल्लीतली मारामारी टेबलावर: मिनिएचर वॉरगेमचे नियम कसे निवडायचे?

बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळताना एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? तुमच्या स्क्वॉडमधला कोणीच घाबरून पळून जात नाही. गोळी लागली, हेल्थ लाल झाली, तरी तो तुम्ही बोट फिरवाल तिकडे धावतो. खऱ्या माणसाचं असं नसतं. हा फरक मला नीट कळला तो सेवाग्राममध्ये, आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर, कागदाची प्यादी आणि फासे घेऊन खेळताना.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवाळीत आठ दिवस घरी होतो. कॉलेजचे तीन मित्र आणि अकरावीतला मावसभाऊ, असे आम्ही पाच जण. ठरवलं की मोबाईल बाजूला ठेवून मिनिएचर वॉरगेम खेळायचा. विषय पण ठरला: जुन्या मुंबईत, गिरणीच्या गेटवर दोन टोळ्यांमध्ये होणारी झटापट. मी घाईघाईने एक नियमावली उचलली, प्यादी छापली, पुठ्ठ्याची चाळ उभी केली.

साडेतीन तास खेळलो. शेवटी २० प्याद्यांपैकी १७ "मेली" होती. मावसभाऊ खूश. त्याचा प्रश्न एकच, "दादा, माझे किल किती झाले?"

शेजारचे काका चहा घेत बघत होते. जिल्ह्यातल्या एका कापड गिरणीत त्यांनी उमेदीची वर्षं काढली आहेत, संपाच्या वेळी गेटवर उभे राहिले आहेत. ते म्हणाले, "काऊन बे, हे सगळे मरेपर्यंत उभेच काऊन हायेत? गेटवर कोणी मराले थोडी येते! एक दगड आला का अर्धे पोट्टे पयतात."

काकांनी एका वाक्यात आमचा बग शोधून दिला होता. प्यादी ठीक होती, पुठ्ठ्याची चाळ तर झकास होती. चुकली होती ती नियमांची निवड. तर आजच्या लेखात हेच बघू: गल्लीतल्या, टोळ्यांच्या ऐतिहासिक झटापटीसाठी नियम निवडताना काय तपासायचं?

आधी थोडक्यात: हा खेळ असतो काय?

बुद्धिबळात चौकटी असतात. मिनिएचर वॉरगेममध्ये चौकटी नसतात, मोजपट्टी असते. टेबलावर घरं, भिंती, गल्ल्या मांडायच्या, छोटी प्यादी ठेवायची, ती पट्टीने मोजून हलवायची, आणि कोणाला लागलं, कोण चुकलं हे फाशांनी ठरवायचं.

याचं मूळ लष्करात आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने "क्रीगस्पील" नावाचा खेळ आणला. नकाशा, ठोकळे, फासे आणि निकाल देणारा पंच, असं त्याचं स्वरूप होतं. अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण हा हेतू. पुढे १९१३ मध्ये "टाइम मशीन" लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने "लिटल वॉर्स" हे पुस्तक काढलं. त्यात फासे नव्हतेच. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिशाचे शिपाई खरोखर पाडायचे! गंमत म्हणजे हाच वेल्स त्या पुस्तकात खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातलं युद्ध किती बरं, असं सांगतो. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

या खेळात दोन मोठे प्रकार. एकात अख्खी पलटण म्हणजे एक तुकडी. दुसऱ्यात प्रत्येक प्यादं म्हणजे एक माणूस. याला "स्कर्मिश" म्हणतात. गल्लीतल्या मारामारीसाठी आपल्याला दुसरा प्रकार लागतो.

आमचा प्रसंग: गिरणगाव, १९२९

नियम निवडण्याआधी प्रसंग पक्का करा. सॉफ्टवेअरमध्ये म्हणतो ना, आधी रिक्वायरमेंट, मग फ्रेमवर्क. इथेही तेच.

१९२८ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांचा मोठा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. त्याच वर्षी लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी तिचे बरेच पुढारी पकडले गेले, आणि एप्रिलमध्ये दुसरा संप सुरू झाला. या दुसऱ्या संपात गेटवरची ओढाताण जास्त होती. एका बाजूला संपकऱ्यांची साखळी, दुसऱ्या बाजूला कामावर जायला निघालेले बदली कामगार, आणि मध्ये वस्तीतले "दादा" आणि त्यांच्या तालमीतली पोरं.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात या दादांवर सविस्तर लिहिलं आहे. घोडपदेव भागातल्या केशव दादा बोरकर यांचं नाव त्यात ठळकपणे येतं. दादा म्हणजे फक्त गुंड नव्हे. तो तालीम चालवायचा, उसनवारीची सोय करायचा, भांडणं मिटवायचा, आणि वेळ पडली तर माणसंही उभी करायचा. कोणी मालकांच्या बाजूने, कोणी संपकऱ्यांच्या बाजूने.

आम्हा वर्ध्याकडच्यांना हा प्रसंग तसा परका नाही. हिंगणघाट ही कापसाची जुनी, नावाजलेली बाजारपेठ. इकडचा कापूस रेल्वेने मुंबईला जायचा. हिंगणघाट आणि पुलगावला स्वतःच्या कापड गिरण्याही होत्या. गेट, भोंगा, बदली कामगार हे शब्द काकांच्या पिढीला समजावून सांगावे लागत नाहीत.

एक निर्णय आम्ही मुद्दाम घेतला. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत धार्मिक दंगलही झाली होती. तो प्रसंग आम्ही घेतला नाही. प्याद्यांना धर्म चिकटवला की समोरच्या मित्राच्या समाजाला पाडण्यासाठी तुम्ही फासे टाकताय, असं होतं. चांगले नियम सुद्धा तिथे वाचवू शकत नाहीत. प्रसंग निवडतानाच स्वतःला विचारा: टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी खेळायला जमेल का? जमत नसेल तर प्रसंग बदला.

आता नियमांकडे. मी पाच प्रश्नांची यादी केली आहे.

प्रश्न १: एका बाजूला किती प्यादी?

गल्लीतल्या झटापटीसाठी एका बाजूला ६ ते १२ प्यादी पुरेशी आहेत. "सॉन्ग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज" हा आंद्रेआ स्फिलिगोई यांचा २००७ चा खेळ साधारण एवढ्याच प्याद्यांसाठी आहे. प्रत्येक प्याद्याचे फक्त दोन आकडे: एक "क्वालिटी", म्हणजे तो किती भरवशाचा, आणि दुसरा "कॉम्बॅट", म्हणजे तो किती दणकट. नवशिक्यांसाठी हे फार सोयीचं.

गेम्स वर्कशॉपचा १९९९ चा "मोर्डहाइम" पण टोळ्यांचाच. जग काल्पनिक आहे, पण टोळी एका डावातून दुसऱ्या डावात कशी वाढते, जखमी कसे होतात, हे त्यात छान आहे. आकडे मात्र जास्त. "शार्प प्रॅक्टिस" हा टू फॅट लार्डीज यांचा खेळ बंदुकवाल्या सैन्याच्या तुकड्यांचा, त्यात प्यादी ४० च्या वर जातात. पहिल्याच डावासाठी ते छापत बसलात तर दिवाळी संपेल.

प्रश्न २: पाळी कशी ठरते?

"आधी माझी सगळी प्यादी, मग तुझी" ही सर्वात सोपी पद्धत. पण गल्लीत कोणी थांबून दुसऱ्याची पाळी बघत नसतो. म्हणून चांगल्या नियमांत इथे काहीतरी अनिश्चितता असते.

शार्प प्रॅक्टिसमध्ये पत्त्यांसारखी कार्डं ओढतात. ज्याचं कार्ड आलं तो नायक हलतो, आणि "टिफिन" नावाचं कार्ड आलं की फेरी संपली! हो, टिफिनच. टू अवर वॉरगेम्सच्या "चेन रिअ‍ॅक्शन"मध्ये प्यादं स्वतःच प्रतिक्रिया देतं: समोर शत्रू दिसला तर तो काय करेल हे फासे ठरवतात, तुम्ही नाही. म्हणून तो एकट्याने खेळायलाही चांगला.

सॉन्ग ऑफ ब्लेड्समधली युक्ती मला सर्वात आवडली. प्यादं हलवताना तुम्ही १, २ किंवा ३ फासे घेता. जितके फासे त्याच्या क्वालिटीइतके किंवा जास्त पडतील तितक्या कृती मिळतात. पण दोन फासे चुकले की पाळी थेट समोरच्याकडे.

आकडे बघा. दादाची क्वालिटी ३ धरली, म्हणजे ३ किंवा जास्त पडलं की यश. तीन फासे घेतले तर पाळी जाण्याची शक्यता २७ पैकी ७, म्हणजे सुमारे २६ टक्के. साध्या पोराची क्वालिटी ४: तीन फाशांवर ५० टक्के. भेदरलेल्या बदली कामगाराची क्वालिटी ५: तीन फाशांवर ७४ टक्के, आणि दोनच फासे घेतले तरी ४४ टक्के. म्हणजे घाबरलेल्या माणसाकडून जास्त काही करून घ्यायला गेलात की सगळा डाव हातातून जातो. एका साध्या नियमात दादा आणि नवखा यांच्यातला फरक टेबलावर दिसतो.

प्रश्न ३: लागलं म्हणजे नक्की काय होतं?

आमची पहिली चूक इथे होती. मी उचललेल्या नियमात दोनच अवस्था होत्या: उभा किंवा मेलेला. तो मुळात बंदुकांचा खेळ होता.

आता इतिहास बघा. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं बेकायदेशीर होतं. गिरणगावच्या गल्लीत असायच्या त्या काठ्या, दगड, सोड्याच्या बाटल्या. त्यामुळे "द शिकागो वे"सारखे अमेरिकन गँगस्टरांचे, टॉमी गनवाले नियम इथे बसत नाहीत, जरी काळ जवळपास तोच असला तरी. काळ जुळणं पुरेसं नाही, हत्यार जुळायला हवं.

मोर्डहाइममध्ये लागल्यावर पुन्हा फासा टाकतात: १-२ आलं तर खाली पडला, ३-४ तर भोवळ आली, ५-६ तर डावातून बाद. सोटा किंवा गदा अशा बोथट हत्याराला २ ते ४ वर भोवळ. म्हणजे काठीचा गुण वेगळा दाखवला आहे. आणि बाद म्हणजे मेला असं नाही! डाव संपल्यावर साध्या गड्यासाठी पुन्हा फासा टाकायचा; १ किंवा २ आलं तरच तो कायमचा गेला.

गणित करू. दोघे बरोबरीचे, अंगावर चिलखत नाही. वार लागण्याची शक्यता १/२, इजा होण्याची १/२, त्यातून बाद होण्याची १/३. गुणाकार केला की १२ पैकी १. त्यातून मरण्याची १/३, म्हणजे ३६ वारांमागे एक मृत्यू. आमच्या पहिल्या डावाशी तुलना करा, जिथे २० पैकी १७ गेले होते!

सॉन्ग ऑफ ब्लेड्समध्ये दोघेही एकेक फासा टाकून त्यात आपला कॉम्बॅट मिळवतात. हरणारा मागे ढकलला जातो किंवा आडवा पडतो. जिंकणाऱ्याची बेरीज दुप्पट झाली तरच तो बाद. दोघांचा कॉम्बॅट ३ असेल तर एका झटक्यात बाद होण्याची शक्यता ३६ पैकी २, म्हणजे ६ टक्क्यांहून कमी. पण एकट्याला तिघांनी घेरलं तर? पहिल्यानंतरच्या प्रत्येक शत्रूमागे त्याचा एक गुण कमी होतो. कॉम्बॅट ३ चा १ झाला, आणि तीच शक्यता ३६ पैकी १२, म्हणजे ३३ टक्के. गल्लीत एकटं सापडणं किती वाईट, हे सांगायला वेगळा नियम लागलाच नाही.

प्रश्न ४: पळतात कधी?

हा काकांचा प्रश्न. माझ्या मते सर्वात महत्त्वाचा. नियमावली हातात आली की आधी "मोराल"चं पान उघडा. ते पान नसेल, किंवा दोन ओळींत गुंडाळलेलं असेल, तर गल्लीच्या प्रसंगासाठी ती नियमावली बाजूला ठेवा. गल्लीतली बहुतेक भांडणं संपतात ती एक बाजू पांगल्यामुळे, सगळे पडल्यामुळे नाही.

मोर्डहाइममध्ये टोळीतले पाव लोक बाद झाले की दर पाळीच्या सुरुवातीला चाचणी असते: दोन फाशांची बेरीज म्होरक्याच्या "लीडरशिप"इतकी किंवा कमी आली तर टोळी टिकते, नाहीतर सगळेच पळतात. समजा दादाची लीडरशिप ८, बाकी पोरांची ६. दादा उभा असताना टिकण्याची शक्यता ३६ पैकी २६, म्हणजे ७२ टक्के. दादा पडला की ३६ पैकी १५, म्हणजे ४२ टक्के. सलग तीन पाळ्या टिकायचं असेल तर? दादासह सुमारे ३८ टक्के, दादाशिवाय जेमतेम ७ टक्के. दादा का महत्त्वाचा, हे इतिहासाचं पुस्तक सांगतं तेच हा आकडा सांगतो.

सॉन्ग ऑफ ब्लेड्समध्ये टोळी निम्मी झाली की प्रत्येक प्याद्यासाठी वेगळे तीन फासे टाकतात. जितके फासे चुकतील तितकं ते मागे पळतं. तिन्ही चुकले तर टेबलावरून गेलं. क्वालिटी ३ च्या दादाचे तिन्ही चुकण्याची शक्यता २७ पैकी १. क्वालिटी ५ च्या बदली कामगाराची २७ पैकी ८, म्हणजे ३० टक्के. इथे सगळे एकदम पळत नाहीत. कोणी गल्लीच्या तोंडाशी थांबतो, कोणी घरी जातो, कोणी उभा राहतो. काकांना हे जास्त पटलं. "अस्संच होते," म्हणाले.

प्रश्न ५: जिंकलं कशावरून?

मावसभावाचा "किल किती" हा प्रश्न त्याचा दोष नव्हता. आम्हीच बाद केलेल्या प्रत्येक प्याद्याला एक गुण ठेवला होता. ज्याला गुण ठेवाल तेच खेळाडू करणार. ॲपमध्ये स्क्रीन टाइमवर बक्षीस ठेवलं की लोक उगाच स्क्रोल करतात, तसंच हे.

गेटवर खरं पणाला काय लागलं होतं? संपकऱ्यांना हवं होतं की माणसं आत जाऊ नयेत. बदली कामगाराला आत जायचं होतं, कारण घरी चूल पेटवायची होती. कोणालाच कोणाला मारून काही मिळणार नव्हतं. शिवाय दोघेही कामगारच. एकाच चाळीत राहणारे, एकाच नळावर पाणी भरणारे.

आमच्यातल्या एका मित्राने हे बोलता बोलता सांगितलं की त्याचे पणजोबा असेच संपाच्या काळात कामावर गेलेले. घरात हे कोणी मोठ्याने बोलत नाही. पहिल्या डावात तीच बाजू त्याच्या वाट्याला आली होती, आणि आम्ही सगळे तिला "गद्दार" म्हणत होतो. तो काही बोलला नव्हता. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं. नियमावलीत त्या प्याद्यांचं नाव "शत्रू" होतं, म्हणून आम्ही पण तसंच वागलो.

म्हणून नव्या डावात गुण असे ठेवले: आत पोचलेल्या प्रत्येक बदली कामगारामागे एका बाजूला २ गुण. मागे फिरलेल्या प्रत्येकामागे दुसऱ्या बाजूला २ गुण. कोणीही बाद झाला, कुठल्याही बाजूचा, तर बाद करणाऱ्याचा १ गुण वजा. आठ पाळ्यांनंतर भोंगा वाजतो आणि डाव संपतो.

मोबाईल इथे कामाला येतो

नियम घ्यायच्या आधी तपासून बघा, आणि त्यासाठी लॅपटॉप लागतोच असं नाही. गूगल शीट्समध्ये "रँडबिटवीन" हे फंक्शन १ ते ६ मधला आकडा देतं. एका रकान्यात माझा फासा, दुसऱ्यात तुझा, तिसऱ्यात निकाल. हजार ओळी खाली ओढा आणि मोजा. पायथॉन येत असेल तर दहा-बारा ओळींचा कोड गूगल कोलॅबवर मोबाईलच्या ब्राउझरमधूनही चालतो. वरचे बरेचसे आकडे मी वहीत काढले आणि मग शीटवर पडताळले. तुम्हीही पडताळा, ३६ घरांचा तक्ता काढायला पाच मिनिटं लागतात.

फासे नसतील तर गूगलवर "रोल अ डाय" टाइप करा, फासे स्क्रीनवर येतात. पण खरं सांगू? खरे फासे घ्या. टेबलावर फासा घरंगळताना सगळे जे श्वास रोखून बघतात, ती मजा स्क्रीनवर नाही.

टेबलाचं माप पण आधी काढा. साधारण २८ मिलिमीटरची प्यादी म्हणजे अंदाजे १:६० प्रमाण. तीन फूट बाय तीन फूट टेबल म्हणजे प्रत्यक्षात ५५ मीटरचा चौक. तळमजला अधिक तीन मजल्यांची बीडीडी चाळ जवळपास २० सेंटिमीटर उंच येते; चपलांचं खोकं उभं केलं की काम झालं. ३० मीटर गेलेला दगड टेबलावर ५० सेंटिमीटर जातो, म्हणजे अर्ध्याहून जास्त टेबल पार. आम्ही तो पल्ला मुद्दाम निम्मा केला, नाहीतर सगळे कोपऱ्यात उभे राहून दगडच फेकत बसतात.

आम्ही काय निवडलं?

पाया म्हणून सॉन्ग ऑफ ब्लेड्स. दोनच आकडे, पटकन शिकता येतं, आणि पळण्याचा नियम चांगला. त्यात मोर्डहाइमसारखी एक सोय जोडली: बाद झालेल्यासाठी डावानंतर फासा. तिसरं काही मिसळलं नाही. दोन फ्रेमवर्क एकत्र करायचा मोह मला ऑफिसमध्येही होतो आणि दर वेळी महागात पडतो. आधी मूळ नियमाने दोन डाव खेळा, मग एका वेळी एकच बदल करा.

गर्दीचा विचार मात्र "गँग्ज ऑफ रोम" या खेळावरून सुचला. प्राचीन रोमच्या गल्ल्यांमधल्या टोळ्यांचा हा खेळ, आणि त्यात सामान्य लोकांचा जमावही टेबलावर असतो. आमच्या टेबलावर भाजीवाली, शाळेतून परतणारी पोरं आणि चाळीच्या गॅलरीतल्या बायका आल्या. त्यांच्याजवळ दगड फेकायचा नाही, एवढाच नियम.

आणि एक प्यादं सेवाग्रामचं. १९३८ मध्ये, गांधीजी इथे, तेव्हाच्या सेगावात, राहत असताना, "हरिजन"मध्ये त्यांनी शांतिदलाबद्दल लिहिलं होतं: दंगलीच्या ठिकाणी नि:शस्त्र जाऊन उभे राहणारे, आधीपासून त्या वस्तीत ओळख असलेले लोक. १९५७ मध्ये विनोबांनी शांतिसेना उभी केली. १९२९ च्या गेटवर असं दल नव्हतं, त्यामुळे हा इतिहास नाही, "असं असतं तर" आहे. हे प्यादं आम्ही वेगळ्या डावात ठेवलं, म्हणजे खरं आणि कल्पना यांची सरमिसळ नको.

नियम असा केला: शांतिसैनिकाची क्वालिटी ३, कॉम्बॅट शून्य. तो कोणावर वार करत नाही. दोन शत्रूंच्या मध्ये तो उभा असेल तर वार करण्याआधी त्या प्याद्याने एक फासा टाकून आपली क्वालिटी गाठली तरच वार करता येतो. आणि शांतिसैनिकाला कोणी पाडलं तर पाडणाऱ्याच्या सगळ्या टोळीने लगेच पळण्याची चाचणी द्यायची.

दर वेळी हे चाललं का? नाही. एकदा दोन पाळ्यांत त्याला दगड लागून तो बाद झाला, आणि ज्याने पाडलं त्याचे निम्मे लोक पांगले. दुसऱ्या डावात तो नुसता चुकीच्या गल्लीत उभा राहिला आणि काहीच झालं नाही. तिसऱ्या वेळी मात्र त्याने गेटसमोर आठपैकी पाच पाळ्या काढल्या. मावसभाऊ वैतागून म्हणाला, "हा सगळ्यात पॉवरफुल आहे यार, याला नर्फ करा!" आम्ही केलं नाही, पण टोळीतल्या निम्म्यांना तो ओळखीचा नसेल तर त्यांना फासा टाकावा लागणार नाही, असा बदल पुढच्या वेळी करून बघणार आहोत.

सुरुवात किती खर्चात?

प्यादी छापा: जाड कार्डपेपरवर पुढची-मागची बाजू, मध्ये घडी, खाली नटबोल्टच्या दुकानातला वायसर चिकटवा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने उडत नाहीत. घरांसाठी खोकी आणि पुठ्ठा. पट्टी शाळेची. फासे लुडोच्या डब्यातले. खर्च होतो तो नियमावलीच्या पीडीएफचा. तो मात्र करा. छोट्या प्रकाशकांचे हे खेळ एक-दोन माणसं मिळून बनवतात. टेलिग्रामवरून उचललेली फाईल फुकट वाटते, पण पुढचा खेळ बनायचा थांबतो.

पहिल्या डावाला पाच विरुद्ध पाच प्यादी घ्या. दीड तासात डाव संपला नाही तर प्यादी कमी करा, नियम वाढवू नका. आणि दुसऱ्या डावात बाजू नक्की बदला.

आम्ही शेवटच्या दिवशी बदलल्या. पणजोबांची गोष्ट सांगणारा मित्र संपकऱ्यांकडून खेळला, मी बदली कामगारांकडून. सहाव्या पाळीला माझ्याकडे तीन प्यादी उरली होती, दोन घरी पळाली होती, गेट दहा सेंटिमीटरवर होतं. त्याने आपला दादा माझ्या समोर आणला, तीन फासे हातात घेतले, थोडा थांबला, आणि दोन परत टेबलावर ठेवले. एकाच फाशाने दादाला एक पाऊल बाजूला सरकवलं. माझा एक माणूस आत गेला.

"मुद्दाम केलंस ना?" मी विचारलं. तो नुसता हसला. भोंगा वाजला तेव्हा आम्ही चार-चार गुणांवर होतो, आणि काका मावसभावाला सांगत होते की आता फासे माझ्याकडे दे, मीबी एक डाव खेळतो.